‘जायला’ आणि ‘जाणे’ : इंग्रजीतील ‘टु’ व ‘आयएनजी’चा उलगडा

आमच्या माहुलमध्ये इंग्रजीतील जेरंड ठाऊक नसलेला माणूस शोधून सापडणार नाही. हे वाक्य वाचून काही वाचक हसतील, परंतु त्यात अतिशयोक्ती नाही. एका अंगाला हिंदुस्तान पेट्रोलियमची व दुसऱ्या अंगाला भारत पेट्रोलियमची रिफायनरी, दोन्ही १९५०च्या दशकात सुरू झालेल्या, आणि मधल्या रस्त्यावर टँकरांच्या रांगा. शाळेची पायरी न चढलेली आजीबाईसुद्धा येथे ‘नो स्मोकिंग’ आणि ‘नो पार्किंग’ या पाट्यांचा अर्थ सांगू शकेल. ‘नो टु स्मोक’ किंवा ‘नो टु पार्क’ असे कोणी चुकूनही म्हणत नाही. म्हणजे बंदी घालायची ती ‘ओढणे’ या क्रियेवर, ‘उभी करणे’ या क्रियेवर, आणि अशा वेळी क्रियापदाला ‘आयएनजी’ लागते, ही गोष्ट पाट्या वाचून वाचून आपल्या अंगवळणी पडलेली आहे.

मग हाच माणूस, किंवा त्याचा बी.कॉम. झालेला नातू, इंग्रजीत अर्ज लिहायला बसला की ‘आय अ‍ॅम इंटरेस्टेड टु लर्न’, ‘आय अव्हॉइड टु गो’, ‘आय केम फॉर ओपनिंग अकाउंट’ असे का लिहितो? हा प्रश्न आम्हांस बँकेच्या खिडकीमागे बसून वर्षानुवर्षे पडत आला आहे. इंग्रजीवाचून कुणाचे अडू नये हे खरे. पण अडते, हेही खरे. राष्ट्रीयीकृत बँकांच्या कारकून भरतीची सामाईक परीक्षा २०११ पासून आयबीपीएस घेते. तिच्या १०० गुणांच्या पूर्वपरीक्षेत ३० गुण इंग्रजीचे आहेत, आणि वाक्यातील चूक ओळखण्याच्या प्रश्नांत ‘टु’ आणि ‘आयएनजी’ची अदलाबदल हे हमखास टाकलेले जाळे असते. परीक्षा सोडली तरी अर्ज आहेतच. माहुलमध्ये अर्ज लिहिणे कुणाला चुकले आहे? मूळ गावकऱ्यांचे खाडीचे अर्ज, धुराचे अर्ज, आणि २०१७ पासून तानसा जलवाहिनीलगतची कुटुंबे इथल्या इमारतींत आणून ठेवल्यावर त्यांचे पुनर्वसनाचे अर्ज. अर्जातले एक अक्षर इकडचे तिकडे झाले की दिलेल्या शब्दाचा अर्थ फिरतो, हे पुढे दिसेलच.

क्लासमध्ये यावर एकच उपाय सांगतात. ‘टु’ घेणाऱ्या क्रियापदांची एक यादी, ‘आयएनजी’ घेणाऱ्यांची दुसरी यादी, दोन्ही पाठ करा. शंभर-सव्वाशे शब्द पाठ करून मूल परीक्षेला जाते आणि हॉलमध्ये नेमके ‘अव्हॉइड’ कुठल्या यादीत होते ते विसरते. आमचे म्हणणे असे की याद्यांपैकी बरीचशी पाठ करण्याची गरजच नाही. हा भेद आपल्या मराठीत आहे, तो आपण आईच्या मांडीवर शिकलो आहोत, आणि इंग्रजी शिकताना तोच नेमका विसरायला लावला जातो. कसा, ते पाहू. (इंग्रजी वाक्ये देवनागरीतच दिली आहेत, म्हणजे घरातील वडीलधाऱ्यांनाही वाचता यावीत.)

चुकीची सुरुवात होते ती शब्दार्थाच्या वहीत. ‘टु गो म्हणजे जाणे, टु eat म्हणजे’ असे कोणी लिहीत नाही. आपण लिहितो ‘टु गो : जाणे, टु ईट : खाणे, टु राइट : लिहिणे’. मराठी माध्यमात पूर्वी पाचवीपासून इंग्रजी असे, २००० सालापासून ते पहिलीपासून आले, परंतु वहीतली ही जोडी बदलली नाही. ती फार जुनी आहे. मोल्सवर्थसाहेबांचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ साली निघाला, त्यातही मराठी क्रियापद ‘णे’ लावून दिलेले आणि त्यापुढे इंग्रजी अर्थ ‘टु’ लावून दिलेला. कोशात हे चालते, कारण कोशात क्रियापदाची ओळख पटवण्यापुरते काहीतरी रूप द्यावे लागते. पण मुलाच्या डोक्यात ‘णे दिसले की टु’ हे समीकरण बसते आणि तिथेच घोटाळा होतो. कारण वाक्यात वापरलेले ‘जाणे’ हे पुष्कळदा ‘टु गो’ नसून ‘गोइंग’ असते.

‘जाणे’ हे मराठीत नाम आहे. ‘तुझे असे न सांगता जाणे मला आवडले नाही’ या वाक्यात ‘जाणे’च्या जागी ‘वागणूक’ किंवा ‘पत्र’ घालून पाहा, वाक्य उभे राहते. नामाप्रमाणेच त्याला विभक्तीचे प्रत्यय व शब्दयोगी अव्यये लागतात : जाण्यात, जाण्यापासून, जाण्याने, जाण्यापूर्वी. मोरो केशव दामले यांचे ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ १९११ साली प्रसिद्ध झाले. शाळेत अशा रूपांना धातुसाधित म्हणण्याची पद्धत आहे. इंग्रजीतील ‘गोइंग’ हे या ‘जाणे’चे सख्खे भावंड.

मग ‘टु गो’चे भावंड कोण? ते आहे ‘जायला’. या शब्दाची फोड करून पाहावी. जुन्या कागदपत्रांत ‘जावयास’, ‘करावयास’ असे लिहीत, त्याचेच बोलण्यात ‘जायला’, ‘करायला’ झाले. शेवटचा ‘ला’ हा चतुर्थीचा, म्हणजे ‘कुर्ल्याला जातो’ यातलाच ‘ला’. तो दिशा दाखवतो. इंग्रजीतही ‘टु कुर्ला’ मधला ‘टु’ आणि ‘टु गो’ मधला ‘टु’ मुळात एकच. हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत क्रियापदाच्या चतुर्थीच्या रूपामागे हा ‘टु’ लावीत, आणि ‘त्या क्रियेकडे’ असा त्याचा अर्थ होई. पुढे विभक्तीचे प्रत्यय झिजले, ‘टु’ तेवढा राहिला. तेव्हा ‘टु’ हा बोट दाखवणारा आहे : क्रिया पुढे आहे, अजून व्हायची आहे, तिच्याकडे जायचे आहे. ‘आयएनजी’ मात्र क्रियेची वस्तू करून ती हातात देते. ती वस्तू आवडते, नकोशी होते, टाळता येते, संपवता येते, आठवते. त्यावर बंदीही घालता येते.

आपल्या वाचकांना पाली शब्द कानावरचे आहेत म्हणून एक दाखला देतो. पालीत ‘दातुं’ म्हणजे द्यायला आणि ‘दानं’ म्हणजे देणे. ‘गन्तुं’ म्हणजे जायला आणि ‘गमनं’ म्हणजे जाणे. सरणगमन या शब्दात ‘गमन’ आहे, म्हणून इंग्रजी पुस्तकांत त्याचे भाषांतर ‘गोइंग फॉर रेफ्यूज’ असे करतात. पंचशीलातील ‘वेरमणी’ हा शब्दही नाम आहे, विरत राहणे, म्हणजे ‘अब्स्टेनिंग’. मराठीतील ‘करू’ हे रूप ‘कर्तुम्’शी आणि ‘करणे’ हे ‘करणम्’शी नाते सांगते. दोन खोल्यांचे हे घर फार जुने आहे, इंग्रजांनी ते आपल्याला बांधून दिलेले नाही.

परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या आयुष्यातील अस्पृश्यतेचे प्रसंग लिहून ठेवले, ते पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९९० साली पुस्तिकारूपाने प्रसिद्ध केले. त्याचे नाव ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’. यातले ‘वेटिंग’ काढून ‘टु वेट’ घालून पाहावे. लगेच तो पुढचा बेत वाटू लागतो, उद्या कोणीतरी थांबणार आहे असे. ‘वेटिंग’ मध्ये मात्र माणूस थांबलेलाच आहे, ते थांबणे तो भोगतो आहे. असो.

आता प्रत्यक्ष उपयोगाकडे वळू. इंग्रजी वाक्य लिहिण्यापूर्वी ते मनात मराठीत म्हणावे, कोशातल्या नव्हे तर बोलण्यातल्या मराठीत, आणि क्रियापदाची शेपटी पाहावी.

शेपटी ‘यला’ किंवा ‘ण्यास’ असेल तर बहुधा ‘टु’. यायला तयार आहे : ‘रेडी टु कम’. पैसे द्यायला नकार दिला : ‘रिफ्यूज्ड टु पे’. पोहायला शिकला : ‘लर्न्ड टु स्विम’. भेटायला आनंद वाटेल : ‘हॅपी टु मीट’. समजायला कठीण : ‘डिफिकल्ट टु अंडरस्टँड’.

‘ण्या’पुढे ‘ला’खेरीज दुसरे काही चिकटले असेल, जसे ‘त’, ‘पासून’, ‘पूर्वी’, ‘विरुद्ध’, तर ‘आयएनजी’. शिकण्यात रस : ‘इंटरेस्टेड इन लर्निंग’. जाण्यापासून रोखले : ‘प्रिव्हेंटेड फ्रॉम गोइंग’. सही करण्यापूर्वी : ‘बिफोर साइनिंग’. हिशेब करण्यात गुंतलो आहे : ‘बिझी काउंटिंग’. इंग्रजीत ‘इन’, ‘फ्रॉम’, ‘ऑफ’, ‘अ‍ॅट’, ‘बिफोर’, ‘विदाउट’ असल्या शब्दांमागून क्रियापद आले की त्याला ‘आयएनजी’च लागते, हा नियम तर लोखंडी आहे. त्याला अपवाद शोधत बसू नये.

शेपटीत ‘ल्या’ असेल, म्हणजे काम होऊन गेलेले असेल, तर ‘आयएनजी’. आल्याबद्दल धन्यवाद : ‘थँक यू फॉर कमिंग’. गाडी उभी केल्याबद्दल दंड : ‘फाइन फॉर पार्किंग’. सही केल्याशिवाय : ‘विदाउट साइनिंग’. चोरी केल्याचे नाकारले : ‘डिनाइड स्टीलिंग’. ही ‘ल्या’ची शेपटी आमच्या मते सर्वांत भरवशाची.

‘करून’, ‘लिहून’ अशी शेपटी असून तिचा अर्थ रीत किंवा शेवट असा असेल, तरीही ‘आयएनजी’. सही करून अर्ज पक्का केला : ‘बाय साइनिंग’. लिहून झाले : ‘फिनिश्ड रायटिंग’. 

आणि नुसता ‘ऊ’ असेल तर ‘टु’ही नाही आणि ‘आयएनजी’ही नाही. करू शकतो : ‘कॅन डू’. जाऊ दे : ‘लेट हिम गो’. येथे एक खड्डा आहे. ‘सही करायला लावली’ मध्ये ‘यला’ दिसते म्हणून पुष्कळजण ‘मेड मी टु साइन’ लिहितात. पण ‘मेक’ला ‘टु’ चालत नाही, ‘मेड मी साइन’ एवढेच. कर्जाच्या तक्रारअर्जात हे वाक्य किती वेळा येते ते सांगायला नको.

बँकेत रोज ऐकू येणाऱ्या एका चुकीचाही उलगडा यातच आहे. माणूस येतो आणि म्हणतो, ‘आय केम फॉर ओपनिंग अकाउंट’. त्याच्या मनात ‘खाते उघडण्यासाठी आलो’ असे असते, ‘साठी’चे ‘फॉर’ केले आणि काम संपले. पण आपण घरी असे बोलतो का? आपण म्हणतो ‘खाते उघडायला आलो’. ‘साठी’च्या जागी ‘यला’ घालून वाक्य सहज बोलता आले आणि हेतू माणसाचा असला, तर इंग्रजीत ‘टु’ : ‘आय केम टु ओपन अ‍ॅन अकाउंट’. वस्तू कशासाठी आहे ते सांगायचे असेल तेव्हा ‘फॉर’ बरोबर असते. नोटा मोजण्याचे यंत्र म्हणजे ‘मशीन फॉर काउंटिंग नोट्स’. शाळेतील निबंधाच्या मराठीने आपल्याला ‘ण्यासाठी’ची सवय लावली, ती इथे नडते. 

याहून महत्त्वाची आहेत ती क्रियापदे, ज्यांना दोन्ही रूपे चालतात पण अर्थ बदलतो. यांच्या बाबतीत यादीचा काहीच उपयोग नाही, कारण ती दोन्ही याद्यांत असतात. आणि नेमकी इथेच मराठी आपल्याला हात देते.

‘स्टॉप’ घ्या. तो चहा प्यायला थांबला : ‘ही स्टॉप्ड टु ड्रिंक टी’. त्याने चहा पिणे थांबवले : ‘ही स्टॉप्ड ड्रिंकिंग टी’. पहिल्यात चहा पोटात गेला, दुसऱ्यात सुटला. आता ‘पार्टीने हप्ते भरायचे थांबवले’ हे सांगताना कोणी ‘स्टॉप्ड टु पे’ लिहिले, तर कागदावर अर्थ होतो की पार्टी जाता जाता हप्ता भरायला थांबली. थकबाकीदाराचे एवढे भले दुसरे कोणी करणार नाही.

‘फर्गेट’ आणि ‘रिमेंबर’. चेकवर सही करायला विसरलो : ‘आय फर्गॉट टु साइन’. सही केल्याचे विसरलो : ‘आय फर्गॉट साइनिंग’. पहिल्यात चेक कोरा आहे आणि तो परत येणार. दुसऱ्यात सही झालेली आहे, फक्त आठवणीतून गेली आहे. समजा एखाद्या विधवा भगिनीला कुणी जामीनपत्र दाखवले आणि तिचे म्हणणे आहे की ‘मी यावर सही केल्याचे मला आठवत नाही’. हे इंग्रजीत ‘आय डू नॉट रिमेंबर साइनिंग’ असेच लिहिले पाहिजे. लिहून देणाऱ्याने घाईने ‘आय डिड नॉट रिमेंबर टु साइन’ लिहिले, तर त्याचा अर्थ होतो, सही करायचे माझ्या लक्षात राहिले नाही. म्हणजे सही करायची होती, ती तिला मान्य होती, नुसती राहून गेली! तिची बाजू तिच्याच कागदाने पडते. मराठीत ‘केल्याचे’ आणि ‘करायचे’ यात आपली कधी गल्लत होत नाही. इंग्रजीतही होण्याचे कारण नाही, शेपटीकडे पाहिले तर.

बँकांच्या पत्रातले ‘वुई रिग्रेट टु इन्फॉर्म यू’ हे वाक्य ज्यांचे कर्ज नामंजूर झाले आहे त्यांना तोंडपाठ असते. आपणांस कळविण्यास खेद होतो. ‘ण्यास’ आहे, म्हणून ‘टु’, कारण कळवणे आत्ता पुढे यायचे आहे. ‘रिग्रेट टेलिंग’ म्हणजे सांगितल्याचा पश्चात्ताप होतो, सांगून बसलो एकदाचे. ‘ल्या’ आहे, म्हणून ‘आयएनजी’.

‘ट्राय’ची जोडी तर फार सुंदर आहे. दार उघडायचा प्रयत्न केला, पण उघडले नाही : ‘ट्राइड टु ओपन द डोअर’. वारा येतो का ते पाहावे म्हणून दार उघडून पाहिले : ‘ट्राइड ओपनिंग द डोअर’. दुसऱ्यात दार उघडले, वारा आला की नाही हा पुढचा प्रश्न. आपले ‘करून पाहणे’ म्हणजे इंग्रजांचे ‘ट्राय’ अधिक ‘आयएनजी’. मोबाइल चालत नाही तर बंद करून चालू करून पाहा, असे आपण सांगतो ना, तेच.

आता ‘कबूल करणे’ पाहू. हा शब्द आपल्याकडे दोन कामे करतो. जामीनदाराने पैसे भरण्याचे कबूल केले. जामीनदाराने पैसे भरल्याचे कबूल केले. एका अक्षराचा फरक, ‘ण्या’ आणि ‘ल्या’, पण पहिल्यात पैसे यायचे आहेत आणि दुसऱ्यात ते भरून झाले आहेत. इंग्रजीत याला दोन वेगळी क्रियापदे लागतात. भरण्याचे कबूल केले म्हणजे ‘अ‍ॅग्रीड टु पे’, भरल्याचे कबूल केले म्हणजे ‘अ‍ॅडमिटेड पेइंग’. पुनर्वसनाच्या अर्जातही असेच. ‘अधिकाऱ्यांनी दुसरीकडे घर देण्याचे कबूल केले’ हे वाक्य ‘अ‍ॅडमिटेड’ घालून लिहिले, तर घर मिळालेच आहे असे वाचणाऱ्याला वाटेल. मग तो पुढचा कागद कशाला वाचील?

येथपर्यंत मराठीने साथ दिली. सगळीकडे देत नाही, आणि जिथे देत नाही तिथल्या जागा सांगितल्याशिवाय हा लेख अर्धवट राहील. ‘ण्याचे’ किंवा ‘यचे’ ही शेपटी संशयाची आहे. ‘जायचे ठरवले’, ‘येण्याचे वचन दिले’, ‘जायची आशा आहे’ यांत बेत पुढचा आहे म्हणून ‘टु’ : ‘डिसाइडेड टु गो’, ‘प्रॉमिस्ड टु कम’, ‘होप टु गो’. पण ‘जायचे टाळले’, ‘जायचे पुढे ढकलले’ यांत बेताला मागे सारले आहे, तिथे ‘आयएनजी’ : ‘अव्हॉइडेड गोइंग’, ‘पोस्टपोन्ड गोइंग’. बेताकडे पाऊल टाकले तर ‘टु’, बेत वस्तूसारखा बाजूला ठेवला तर ‘आयएनजी’ असे साधारण धरावे. ‘रिफ्यूज’मध्येही नकारच आहे आणि तरी त्याला ‘टु’ लागतो, हे आम्हांस मान्य आहे. सुदैवाने तिथे ‘द्यायला नकार’ अशी मराठी शेपटी वाट दाखवते.

आणि काही शब्द मराठीला सरळसरळ दगा देतात. ते थोडेच आहेत, एवढेच पाठ करावेत. ‘थांबायला माझी हरकत नाही’ यात ‘यला’ आहे, पण इंग्रजीत ‘आय डोन्ट माइंड वेटिंग’. ‘वाचायला मजा येते’ : ‘आय एन्जॉय रीडिंग’. ‘पाहायला हवा असा सिनेमा’, म्हणजे पाहण्याजोगा : ‘वर्थ सीइंग’. ‘रडून उपयोग नाही’ : ‘नो यूज क्राइंग’, हा मात्र ‘ऊन’च्या शेपटीने सुटतो. सर्वांत मोठा गुन्हेगार ‘सजेस्ट’. ‘डॉक्टरांनी मला विश्रांती घ्यायला सुचवले’ याचे ‘डॉक्टर सजेस्टेड मी टु टेक रेस्ट’ असे इंग्रजी आपल्या देशात शिकलेसवरलेले लोकही सर्रास लिहितात. त्याला ‘सजेस्टेड टेकिंग रेस्ट’ म्हणावे, किंवा सरळ ‘अ‍ॅडव्हाइज्ड मी टु टेक रेस्ट’ म्हणून मोकळे व्हावे. आम्ही दुसरा मार्ग पसंत करतो.

‘स्टार्ट’, ‘बिगिन’, ‘लाइक’, ‘लव्ह’, ‘हेट’ यांना दोन्ही चालते आणि अर्थात फारसा फरक पडत नाही. पाऊस पडायला लागला म्हणजे ‘स्टार्टेड टु रेन’ही आणि ‘स्टार्टेड रेनिंग’ही. यावर डोके शिणवू नये, आणि क्लासवाल्यांनी यावर प्रश्न काढून मुलांना घाबरवू नये.

राहिला एक ‘टु’, जो दिसायला तसाच पण जातीने वेगळा आहे. ‘आय अ‍ॅम लुकिंग फॉरवर्ड टु हिअर फ्रॉम यू’ असे नोकरीच्या अर्जाच्या शेवटी लिहिलेले असते आणि बरोबर शेवटच्या ओळीत उमेदवार घसरतो. येथील ‘टु’ हा ‘जायला’मधला नाही, तो ‘कुर्ल्याला’मधला, नामाआधी येणारा आहे, म्हणून त्यामागे ‘हिअरिंग’ हवे. ओळखण्याची युक्ती सोपी आहे. ‘टु’नंतर एखादे नाम, समजा ‘मीटिंग’, घालून पाहावे. ‘लुकिंग फॉरवर्ड टु द मीटिंग’ चालते, म्हणून तिथे ‘आयएनजी’. ‘वॉन्ट टु द मीटिंग’ चालत नाही, म्हणून तिथे मूळ क्रियापद. ‘ऑब्जेक्ट टु’ आणि ‘विथ अ व्ह्यू टु’ हे पहिल्या जातीचे. ‘रिफायनरी वाढवण्यास आमची हरकत आहे’ हे ‘वुई ऑब्जेक्ट टु एक्सपांडिंग द रिफायनरी’ असे होईल, ‘टु एक्सपांड’ नाही.

याच जातीतला ‘यूज्ड टु’ आमच्या गावाला विशेष लागू आहे. माहुलचे कोळी बांधव खाडीच्या प्रश्नावर अर्ज करतात, तेव्हा त्यांना दोन वेगवेगळ्या गोष्टी सांगायच्या असू शकतात. ‘आम्ही या खाडीत मासेमारी करीत असू’, म्हणजे आता ती होत नाही, नुकसान झाले. त्याला ‘वुई यूज्ड टु फिश इन धिस क्रीक’. आणि ‘आम्हांला या खाडीत मासेमारीची सवय आहे, तोच आमचा धंदा आहे’, म्हणजे ती आजही चालू आहे. त्याला ‘वुई आर यूज्ड टु फिशिंग इन धिस क्रीक’. पहिला अर्ज भरपाई मागणाऱ्याचा, दुसरा हक्क राखणाऱ्याचा. ज्याचे जाळे आजही खाडीत पडते त्याने ‘वुई यूज्ड टु फिश’ लिहून दिले, तर वाचणारा अधिकारी एवढेच समजेल की हे लोक पूर्वी कधीतरी मासे धरीत होते, आता धरीत नाहीत.